कोंडीतलं अम्माचं पाऊल

कळव्याच्या खाडीकाठी एक शिल्प आहे. ते उभं नाही, आडवं आहे. बैठकीच्या खोलीएवढा काळसर, गुळगुळीत चौकोन आणि त्याच्या चार बाजूंना चार वेगवेगळे बुटके बांध. पहिल्यांदा येणारे लोक त्यावरून चालत पलीकडच्या कठड्यापर्यंत जातात, खाडी बघतात आणि परतताना रखवालदाराला विचारतात, "ते शिल्प कुठे आहे?" रखवालदार त्यांच्या पायांकडे बोट दाखवतो.

हा चौकोन असा गुळगुळीत व्हायचा नव्हता. तो तसा झाला तेव्हा मी तिकडेच होते, म्हणून हे लिहिते आहे.

मी अकोल्याची. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. विहिरीचं पाणी खारट, त्यावर पीक धड येत नाही. आमच्याकडे मीठ जमिनीतून वर आलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. त्यामुळे मुद्दाम मीठ पिकवणाऱ्या गावाबद्दल मला पहिल्यापासून कुतूहल होतं. कळव्याच्या बाजूला जुन्या मिठागराच्या जागी एक शिल्पकार बाई मिठाच्या इतिहासावर काम करते आहे, अशी चार ओळींची बातमी वाचली. टिटवाळ्याला मावसबहीण राहते, तिच्याकडे जायचं कधीपासून राहिलं होतं. दिवाळीनंतर निघाले.

टिटवाळा

सुनंदाचं घर नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर आहे. खिडकीतून काळू नदी दिसते, आणि नदीच्या अलीकडे अर्धवट बांधलेल्या तीन इमारती. सुनंदा म्हणते, त्या पूर्ण झाल्या की नदी दिसणार नाही, म्हणून आत्ताच बघून घे.

लिफ्टमध्ये शेजारच्या बाई भेटल्या. नाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"अकोला."

"राहता ते झालं हो. गाव?"

"अकोलाच."

त्यांना ते पटलं नाही. वर आल्यावर सुनंदा हसायला लागली. "इथे सगळ्यांचं गाव दुसरीकडे असतं गं. माझं काय? ह्यांचं संगमेश्वर, म्हणून माझंही. गणपतीला जाते, डास चावून घेते, परत येते. पण विचारलं की संगमेश्वरच सांगायचं. टिटवाळा सांगितलं तर लोकांना वाटतं, आपल्याला कोणी नाही."

रात्री तिने ओल्या खोबऱ्याचं वाटण लावून वाल केले होते. आमच्याकडे खोबरं लागतं ते सुकं. मी दोनदा घेतले. लिफ्टमधला प्रश्न मात्र डोक्यात राहिला. दुसऱ्या दिवशी तो मी स्वतःच एकीला विचारला.

कॅम्प

मोहन्यातल्या रेयॉनच्या जुन्या कारखान्यावरून रिक्षा शहाडकडे उतरली आणि पुढे उल्हासनगरात शिरली. नाव उल्हासनगर असलं तरी जुनी माणसं कॅम्पच म्हणतात. इंग्रजांनी महायुद्धात सैनिकांसाठी इथे बॅरॅकी बांधल्या. सैनिक गेले आणि फाळणीनंतर त्याच बॅरॅकींमध्ये सिंधमधून आलेली कुटुंबं ठेवली. आता बहुतेक बॅरॅकींच्या जागी मजले चढले आहेत, पण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना अजून बॅरॅकचा नंबर सांगावा लागतो.

शिल्पकार रेश्मा दारातच भेटली. वय चाळिशीच्या आसपास, पँटवर गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल. आत पलंगावर तिची आजी बसली होती. ऐंशीच्या पुढची, लहानखुरी, डोक्यावरून ओढणी. घरात आणि गल्लीत सगळे तिला अम्मा म्हणतात. ती हिंदी बोलते, मध्येच मराठी, आणि रागावली की सिंधी.

मी बसायच्या आधी हातात भाजलेला पापड आला आणि पाण्याचा पेला. "पहले पापड. बात बाद में," अम्मा म्हणाली. आमच्याकडे पाहुण्याला गूळ-पाणी देतात. उन्हातून आलेल्याला गोड बरं की खारट, यावर आमची थोडी चर्चा झाली. अम्माचा निकाल असा, की गूळ खाऊन माणूस गप्प बसतो, पापड खाऊन बोलायला लागतो.

मग मी विचारलं, "अम्मा, गाव कुठलं?"

"बॅरॅक."

"त्याच्या आधीचं?"

"आधी सिंध. लेकिन वो गाव मेरा कैसे? मी एवढीशी होते. बोटीत उलटी केली ते आठवतं, गाव नाही आठवत. पिताजींनी इथे संदूक कधी पूरा खोला नहीं. अंगणात झाड लावू दिलं नाही. बोलायचे, हा कॅम्प आहे. कॅम्प लगता है, फिर उठता है. वो गए, संदूक वैसाच. लग्न इथे, मुलं इथे, नातवंडं इथे. आणि कोई पूछे तो लोक बोलतात, कॅम्पवाली."

रेश्माने कोकी आणून ठेवली. कांदा-मिरची घालून केलेली जाड पोळी, चवीला आमच्या धपाट्याची बहीण. ती म्हणाली, "ताई, शिल्पासाठी तिचं पाऊल घेतलंय आम्ही. चिखलाच्या कोंडीत. तेव्हापासून रोज विचारते, आहे ना अजून?"

"आहे ना?" अम्माने लगेच विचारलं.

"आहे गं. गोणपाट ओलं करून झाकलंय."

"साचा पडायच्या आधी मला बघायचं आहे. पोतों को दिखाना है. त्यांना बोलेन, ये देखो, ये मेरी जगह."

साच्याची माणसं परवा सकाळी येणार होती. अम्माला त्याच वेळी आणायचं ठरलं.

कळवा

मिठागरात जमिनीचे चौकोन पाडतात, त्याला कोंडी म्हणतात. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालून अडवायचं आणि उन्हावर आटवायचं. खाली राहतं ते मीठ. रेश्माने अशीच एक कोंडी केली होती. तळाला खाडीचा चिखल, आणि त्या चिखलात इथे नांदलेल्या सगळ्यांची पावलं. त्याचा साचा काढून दगडाच्या भुकटीत तळ ओतायचा होता.

बांध चार. एक ठाण्याच्या पडक्या भिंतीतल्या, पोर्तुगीजांच्या काळातल्या घडीव दगडांचा. दुसरा इंग्रजी अमलात मिठाच्या वाघिणी ज्यावरून जात त्या अरुंद रुळाचा. तिसरा कॅम्पमधल्या पाडलेल्या बॅरॅकच्या विटांचा. चौथ्याची जागा रिकामी होती. तिथे कल्याणहून गलबताची फळी यायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्माने गोणपाट उचललं आणि एकेक पाऊल दाखवलं. ठाण्याच्या एका ख्रिस्ती कुटुंबाची पावलं, आजोबांपासून नातीपर्यंत उतरत्या क्रमाने. बोटं फाकलेली कोळणींची. एका पारशी गृहस्थांचं एकच, कारण दुसरा मोजा काढला तर सर्दी होईल असं ते म्हणाले. कल्याणच्या युसूफभाईंचं, ज्याचा अंगठा आतल्या बाजूला वळलेला. कोपऱ्यात अम्माचं, लहान, टाच खोल आणि बोटं पुसट. रेश्मा मागून धरून उभी होती, त्यामुळे सगळा भार टाचेवर आलेला.

कडेचा एक पट्टा कोरा होता. तो जवळच्या आगरी पाड्यातल्या बायकांसाठी राखला होता. त्या आल्या तेव्हा मी चिखलात अडकले होते. बांधावरून उतरताना माझी एक चप्पल खाजणाने गिळली होती.

"पाय काढ गो बाय आधी, चप्पल मंग," मागून आवाज आला. हिराबाई. सत्तरीची, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिने हात घालून चप्पल उपसली, वास घेतला आणि माझ्या हातात दिली. "नवी व्हती?"

"हो."

"आता जुनी झाली."

तरुणपणी हिराबाईने याच मिठागरात काम केलेलं. तिच्यासोबतच्या तिघींनीही. मिठागर बंद पडल्यावर त्यांनी भाजी विकली, मासळी विकली. आता मुलं म्हणतात, घरी बसा. बऱ्याच वर्षांनी त्या या चिखलाजवळ आल्या होत्या आणि त्यांचं बोलणं थांबत नव्हतं.

त्यांनी सोबत आणलेलं आम्ही बांधावर बसून खाल्लं. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. मी मिठासाठी हात पुढे केला. हिराबाईने तो बाजूला सारला आणि मीठ भाकरीच्या कडेला ठेवलं. "हातावं नाय देत. भांडान व्हतं." हे आमच्याकडेही आहे. तीनशे-साडेतीनशे मैलांवर मिठाचं पीक वेगळं, समजूत तीच.

खाताना तिने सासूची गोष्ट सांगितली. इंग्रजांच्या वेळेला मिठावर कर होता आणि आगरावर पहारा. संध्याकाळी बाहेर पडताना शिपाई पाट्या तपासायचे आणि बायकांना फाटकापाशी पाय धुवायला लावायचे, पायाला चिकटून मीठ घरी जाऊ नये म्हणून. याला कागदोपत्री आधार मला मिळाला नाही. सासूने सांगितलं म्हणून हिराबाई सांगते, हिराबाईने सांगितलं म्हणून मी.

"मंग आमची सासू काय कराची, घरी येऊन पाय चाटाची," हिराबाई म्हणाली. बाकीच्या तिघी हसल्या. ही गोष्ट कितव्यांदा ऐकत होत्या कोण जाणे.

तेवढ्यात फळी तयार असल्याचा युसूफभाईंचा फोन आला. रेश्मा घाईत उठली. "हिरामावशी, आम्ही कल्याणला जाऊन येतो. तुम्ही पाय लावून घ्या. गोणपाट काढलंय. मिठागरात करायचात ना, अगदी तस्संच करा."

"तसाच?"

"तस्संच."

कल्याण

युसूफभाईंचं घर खाडीपासून जवळ आहे. कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या गलबतांचा धंदा. त्यांच्या आजोबांच्या गलबतातून मीठ खाडीतून वर यायचं आणि इथून बैलांवर घाटाकडे जायचं. गलबत कधीच मोडलं, पण एक फळी त्यांनी न्हाणीघराच्या दारावर आडवी ठेवली होती. ती काढताना त्यांच्या बेगमने विचारलं, "आता दाराला काय लावायचं?" युसूफभाई म्हणाले, "इतिहासाला दे म्हटलं तर दाराची पडलीय."

फळीपेक्षा त्यांना पावलाची काळजी जास्त होती. "अंगठा नीट उठलाय ना, बेटी? वाकडा आहे, म्हणजे लगेच ओळखू येईल. बाकीच्यांचं काय, पाय म्हणजे पाय."

चहा, खारी बिस्किटं, पुन्हा चहा. फळी टेम्पोवर बांधून आम्ही कळव्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं.

चौघी बांधावर एका रांगेत बसल्या होत्या. पाय गुडघ्यापर्यंत काळे, चेहरे दमलेले आणि अतिशय समाधानी. कोंडीचा तळ टोकापासून टोकापर्यंत सपाट होता. एकही पाऊल नव्हतं. चिखलावर संध्याकाळचा उजेड पाण्यावर पडावा तसा पडला होता.

रेश्मा टेम्पोतून उतरली आणि तिथेच थांबली.

"हिरामावशी, हे काय केलंत?"

"काय केला? झाली ना कोंडी."

"पावलं कुठे गेली? सगळ्यांची पावलं होती इथे."

हिराबाईने तळाकडे पाहिलं, मग रेश्माकडे. "तूच बोललीस, मिठागरान करायचो तसा करा. पाय दिसला का कोंडी कच्ची, पोरी. पानी साचतं त्यान, मीठ कालं येतं. मुकादम परत तुरवाला लावाचा. आमाला वाटला, कुनी नवशिक्यांनी अर्धाच काम केलाय. आमी पुरा केला."

ते खरंच तसं होतं. कोंडीचा तळ पायांनी तुडवून घट्ट करतात. रांगेने, मागे मागे सरकत, आपलंच पाऊल पुढच्या पावलाने पुसत. शेवटी काही दिसत नाही तेव्हा काम झालं. हा त्यांचा हात, म्हणजे पाय, बसलेला होता. बऱ्याच वर्षांनी चिखल मिळाला आणि चौघींनी मन लावून काम केलं.

"सकालधरून कुनी हातावं मीठ दिला का काय," एकजण हळूच म्हणाली. कोणी हसलं नाही.

परवा अमावास्या होती. उधाणाचं पाणी या जागेपर्यंत येतं. सगळ्यांना पुन्हा बोलावून पावलं घ्यायला वेळ नव्हता, आणि पाणी शिरलं की चिखलच राहणार नव्हता. साचा उद्या सकाळी किंवा कधीच नाही. रेश्मा विटांच्या बांधावर बसून एकेकाला फोन करत राहिली. युसूफभाई पलीकडून इतक्या मोठ्याने बोलत होते की आम्हालाही ऐकू आलं. "गेला का अंगठा? जाऊ दे बेटी. घरात सगळे त्याच्यावरून हसतच होते."

सगळे फोन झाल्यावर तिने मोबाईल खाली ठेवला. "बाकीच्यांना सांगितलं. अम्माला काय सांगू?"

"कंची अम्मा?" हिराबाईने विचारलं.

मी सांगितलं. संदूक, अंगण, न लावलेलं झाड, कॅम्पवाली. सगळं सांगायला वेळ लागला. हिराबाई ऐकत होती आणि पायावरचा चिखल नखाने काढत होती. "म्हातारीचा पाय पन आमीच मोरला," ती म्हणाली आणि तळाच्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

कळवा, दुसऱ्या सकाळी

अम्मा इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आली. नव्या चपला. साच्याची माणसं प्लास्टरची पोती उतरवून चहा पीत होती. हिराबाई न बोलावता आली होती, एकटीच. ती लांब, रुळाच्या बांधापाशी उभी राहिली.

रेश्माने आजीला सगळं एका दमात सांगितलं. अम्माने ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "सबके गए?"

"सगळ्यांचे. पण अम्मा, तुझा कोपरा मी रात्रीपासून ओला ठेवलाय. तू आत्ता पाय ठेव. तुझं तरी राहील."

दोन्ही बाजूंनी धरून तिला कोपऱ्यात नेलं. तिने चप्पल काढली, पाय ठेवला, दाबला, उचलला. पाऊल स्वच्छ उठलं. आधीच्यापेक्षा चांगलं, पाचही बोटं मोजता येतील असं. साच्याचा माणूस म्हणाला, "एक नंबर." रेश्माच्या चेहऱ्यावर आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदा रंग आला.

अम्मा मात्र बघतच राहिली. एवढ्या मोठ्या सपाट तळावर ते एकच पाऊल होतं.

"अकेला है," ती म्हणाली.

"असू दे ना अम्मा. तुझंच आहे."

"नाही बेटा. बघ तू. जैसे कोई यहाँ से निकल गया." तिने हाताने पावलाच्या पुढची रिकामी जागा दाखवली. "पाऊल तर जाणाऱ्याचं राहतं. मैंने बहुत देखे जानेवालों के पैर. मला नको असं."

रेश्मा काही बोलणार होती. अम्माने मान वळवून बांधापाशी उभ्या असलेल्या बाईला विचारलं, "हे तुम्ही मिटवता कसं?"

हिराबाई जवळ आली. "मिटवाचा कनाला, आजी? ऱ्हाऊ दे. येवरा बेस उठलाय."

"कैसे मिटाते हो, वो बताओ."

हिराबाईने रेश्माकडे पाहिलं. रेश्माने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. हिराबाई मात्र कोंडीत उतरली, अम्मासमोर तोंड करून उभी राहिली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"टाच नको. पंजा. हलू. मी मागं जातंय, तू माज्यावं ये."

त्या सरकायला लागल्या. एक मागे मागे, दुसरी तिच्यामागोमाग. अम्माच्या पांढऱ्या सलवारीला चिखल लागला. एकदा तोल गेला तेव्हा ती सिंधीत काहीतरी म्हणाली आणि हिराबाई आगरीत. दोघींना एकमेकींचं कळलं नसणार, पण दोघी हसल्या. साच्याच्या माणसांचा चहा गार होत होता. ते पाऊल कुठल्या क्षणी गेलं, ते मी लक्ष ठेवूनही सांगू शकत नाही. पुन्हा पाहिलं तेव्हा तळ एकसारखा होता.

हिराबाईने वाकून तळहात फिरवला. "झाली पक्की."

मग प्लास्टर पडलं.

पुन्हा कळवा

उन्हाळ्यात सुनंदाकडे पुन्हा जाणं झालं. नदीपुढची एक इमारत पूर्ण झाली होती, नदी अर्धी दिसत होती. एका संध्याकाळी आम्ही दोघी कळव्याला गेलो. शिल्प बसवलेलं होतं. उधाणाला पाणी चढतं, उन्हाने आटतं, आणि दगडी तळावर पांढरी साय राहते. कोणीतरी बोट लावून चाखून बघत होतं. विटांच्या बांधावर अम्मा बसली होती, शेजारी हिराबाई. अम्मा आली की हिराबाई पाड्यातून येते, असं रखवालदाराने सांगितलं.

परदेशातून आलेली दोन पणतवंडं तळावर पळत होती. मोठीने विचारलं, "अम्मा, तुमचा पाय कुठे आहे?"

अम्माने काठी उचलली आणि खाडीच्या बाजूचा कोपरा दाखवला. मुली तिथे जाऊन उभ्या राहिल्या, खाली वाकून बघितलं आणि पुन्हा पळाल्या.

थोड्या वेळाने सुनंदाने विचारलं. तिला मी सगळी हकिगत सांगितली होती. तिला ती जागा बघायची होती. अम्माने काठी उचलली आणि गलबताच्या फळीजवळ, बरोबर उलट्या टोकाला दाखवलं.

हिराबाई काठीच्या टोकाकडे बघत म्हणाली, "मंगाशी तिकरं दावलास ना?"

"वहाँ भी है," अम्मा म्हणाली.